एका हातानं उचलता येईल असं शटर

पहाटे जाग आली की मी आधी कान उघडतो, डोळ्यांची मला घाई नसते. हर्सूलला आमचं घर मुख्य रस्त्यापासून जरा आत, गल्लीच्या तोंडाशी आहे. थंडीत तळ्याकडून वारा येतो आणि त्याच्यासोबत रस्त्यावरच्या शटरांचे आवाज येतात. सगळ्यात आधी दूधवाल्या गणेशचं. ते बरीच वर्षं मध्यावर एकदा अडखळायचं, कारण कुणाची तरी मोटारसायकल धडकून त्याची एक पट्टी वाकली होती आणि मी कितीदा सांगूनही गणेशनं ती बदलली नव्हती. मग चहावाल्याचं, एका झटक्यात वर जाणारं. त्या माणसाचा स्वभावही तसाच आहे. मग बराच वेळ काही नाही. मग लांबून, झोपेत कुणी कूस बदलावी तसं, किराणावाल्याचं. गोधडीत पडल्या पडल्या मी शहर उघडताना ऐकत असतो. त्यातलं किती खरं आणि किती स्वप्नातलं, हे मलाही नीट सांगता यायचं नाही.

मी शटरमिस्त्री. लोखंडी पट्ट्यांचं, गुंडाळत वर जाणारं दुकानाचं दार बसवणं, दुरुस्त करणं आणि वेळ आली की उतरवणं, हा माझा धंदा. लोक मला दत्ता मिस्त्री म्हणतात. सिडकोपासून शहागंजपर्यंत आणि बाहेर गंगापूर, लासूर स्टेशनपर्यंत मी शटरं बसवली. शहराचं नाव बदललं तेव्हा पाट्या रंगवणाऱ्यांना चांगले दिवस आले. शटरं होती तीच राहिली, त्यामुळं मला त्यातून चहासुद्धा सुटला नाही. आता हात थकले, काम सोडलं. या अंकाचं काम बघणारे आमच्या गल्लीतले सर म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही एवढी दुकानं उघडताना पाहिलीत. नव्यानं धंदा काढणाऱ्यांना चार शब्द सांगा." मी म्हटलं, सर, मी दुकान कधी काढलंच नाही, मी नुसतं दार बसवलं. तर म्हणाले, तेच लिहा.

काम शिकवलं रशीदचाचांनी. शहागंजला घड्याळाच्या मनोऱ्यापलीकडं एका बोळात त्यांचं वर्कशॉप होतं. बाहेरच्या माणसाला शटर म्हणजे खाली-वर होणारा पत्रा वाटतो. खरी गोष्ट वर, डब्यात लपलेली असते. तिथं एक आडवा पाइप असतो, त्याच्यावर स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढलं की स्प्रिंग पिळली जाते. वर ढकललं की तीच स्प्रिंग सुटत सुटत वजन उचलते. म्हणजे दुकान बंद असतं तेव्हा स्प्रिंग ताणात असते आणि उघडं असतं तेव्हा ती विसावा घेते. लोकांना नेमकं उलटं वाटतं. चाचा म्हणायचे, "मियाँ, शटर कू उठाते नै, उठने कू मदद करते. आधा तुमे उठाओ, आधा उने खुद उठता."

परीक्षा एकच. शटर छातीएवढ्या उंचीवर आणायचं आणि हात सोडायचा. वर पळालं तर स्प्रिंग जास्त, खाली आलं तर कमी. जिथं सोडलं तिथं थांबलं तर काम पास. चाचा हात सोडायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. शटर थांबलं की ते स्वतःशीच मान हलवायचे. एक गोष्ट मात्र मला त्यांची कधी पटली नाही. खालच्या काही पट्ट्यांना ते ग्रीस लावायचेच नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "थोडा बोलने दो उसकू." मला वाटायचं, म्हातारा ग्रीस वाचवतोय. मी स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा पहिल्यापासून एकही पट्टी कोरडी ठेवली नाही. माझं शटर लोण्यातून सुरी फिरावी तसं जायचं, आणि त्याचा मला माज होता.

नव्या दुकानदाराला मी जितकं जवळून पाहिलं तितकं ज्योतिषानंही पाहिलं नसेल. भिंतींचा रंग ओला असतो, फरशीवर भुसा पडलेला असतो, बायको डब्यातून उपमा घेऊन आलेली असते. मी शिडीवर. आणि खालून तो हळूच विचारतो, "मिस्त्री, चालंल ना हो?" त्याला शटरचं विचारायचं नसतं, हे मला कळतं. मी वरूनच सांगायचो, "शटर चालंल. त्याची ग्यारंटी." तो हसायचा, पण त्याचं समाधान व्हायचं नाही.

हा प्रश्न एक दिवस माझ्याच घरात येईल असं मला वाटलं नव्हतं. काम सोडलं त्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी बायको मंगल दारात उन्हाला बसून कुंची शिवत होती. कुंची म्हणजे तान्ह्या बाळाचं डोकं आणि पाठ झाकणारं टोपडं. आमच्या नात्यात, गल्लीत कुणाला दिवस गेले की बाळंतविडा मंगलच करणार, हे ठरलेलं. झबली, टोपडी, लंगोट, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. लोक कौतुक करायचे, ओटी भरायचे आणि पिशवी उचलून निघायचे. आमची मुलगी सासरी गेल्यावर तर मंगलचा सगळा दिवस मशिनवरच जायचा.

दोरा तोडता तोडता ती म्हणाली, "अहो, समोरच्या खोलीला शटर बसवून द्या."

"कशाला?"

"दुकान काढते. बाळंतविड्याचं."

मी हसलो. ती हसली नाही. मग मीही हसायचा थांबलो.

समोरची खोली म्हणजे माझं गोदाम. उतरवलेल्या शटरांच्या पट्ट्या तिथं भिंतीला रचून ठेवलेल्या. लाल, निळ्या, हिरव्या, काही नुसत्या गंजलेल्या. आमच्या धंद्यात एक रीत आहे. बंद पडलेल्या दुकानाची पट्टी नव्या दुकानाला लावायची नाही. गिऱ्हाईक स्वतः नखानं टकटक करून विचारतं, "नवी कोरीच हाय ना?" भंगारवाला वर्षातून कितीदा दारात यायचा, पण मला त्या पट्ट्या देववायच्या नाहीत. मंगल म्हणायची, "वापरत नाय, मोडीत घालत नाय. निस्ती राखण करायलात."

मी तिला लगेच नाही म्हटलं नाही. मी तिच्या हातावर बोट ठेवलं. आदल्या पावसाळ्यात ओट्यावरून पाय घसरून तिचं उजवं मनगट मोडलं होतं. मशिन चालवता येत होतं, पण भरलेली बादली उचलत नव्हती. "शटर म्हणजे खेळणं नाय. तुला उचलणार हाय का?"

"मग उचलंल असं करा की. मिस्त्री कोण हाय, तुम्ही का मी?"

खरं कारण हात नव्हताच. मी जेवढी शटरं बसवली, त्यातली कितीतरी मीच उतरवली होती. ते मला कुणाला सांगता येत नव्हतं. ज्या बाईनं आयुष्यभर लोकांच्या बाळांना मायेनं गुंडाळलं, ती रिकाम्या दुकानात रस्त्याकडं बघत बसलेली मला बघवली नसती. भीती वाटत होती, सरळ सांगतो.

त्या दिवसांत मला एक स्वप्न पडायचं. गुलमंडीच्या बाजारासारखा लांबच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना बंद शटरं, करोनाच्या दिवसांत होता तसा. ऊन नाही, सावली नाही. मी एक शटर वर करतो, तर आत दुसरं शटर. ते वर करतो, तर आत तिसरं. आतून कुणीतरी विचारतंय, "मिस्त्री, चालंल ना?" आणि मला आवाजाचा माणूस सापडत नाही. जाग आली की बाहेर गणेशचं शटर मध्यावर अडखळत असायचं.

मग मी तिला समजवायला लागलो. माझ्या पोतडीतून एकेक गिऱ्हाईक काढायचो आणि तिच्यापुढं ठेवायचो. गंमत अशी की प्रत्येक गिऱ्हाईक तिच्याच बाजूनं साक्ष द्यायचं.

आधी भाऊसाहेबाची गोष्ट सांगितली. गंगापूरकडचा ऊसवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, हौस दांडगी. लासूर स्टेशनला त्यानं पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान टाकलं. दोन गाळ्यांच्या रुंदीचं, मध्ये खांब नसलेलं एकच लालभडक शटर मागितलं. मी म्हटलं, जड जाईल. तो म्हणाला, "मिस्त्री, ट्रॅक्टर आत गेला पायजे." उद्घाटनाला चौघांनी मिळून शटर उचललं, फटाके वाजले, पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून तो एकटा. शेजारी कुणी येईपर्यंत चहाच्या टपरीवर बसायचा. बाजाराच्या दिवशी शेतकरी उजाडता येतो आणि सामान घेऊन ऊन चढायच्या आत परततो. याचं दुकान उघडेपर्यंत निम्मा बाजार उठलेला. त्यानं फोन केला, मी गेलो. कडक इस्त्रीचे कपडे घालून हा बंद शटरच्या पायरीवर बसलेला. म्हणाला, "लई जड जायलंय हो, मिस्त्री." मी मध्ये खांब उभा करून त्याला दोन नवी शटरं करून दिली आणि त्याच्या त्या लांबलचक लाल पट्ट्या घरी आणल्या. पुढं कितीतरी दिवस तो त्यातलं एकच उघडायचा. दुसरं हंगामापुरतं. आता दोन्ही रोज उघडतो.

"तवापासून मी सगळ्यांला सांगतो," मी मंगलला म्हटलं, "एकट्याला उचलता येईल तेवढंच शटर घ्या. हौशीनं धंदा करू नये."

ती म्हणाली, "मग मला एकटीला उचलंल तेवढंच द्या. मी कुठं ट्रॅक्टर आत घ्यायलेय?"

मग जोशीकाका. समर्थनगरात राहायचे, सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. घराच्या पुढच्या खोलीला त्यांनी हिरवं शटर बसवून घेतलं. मी शिडीवरून विचारलं, "काका, काय विकणार?" ते म्हणाले, "ते अजून ठरलं नाही. आधी उघडू तर या." मला वाटलं थट्टा करतायत. पण दुसऱ्या दिवशी ते खरंच शटर उघडून, रिकाम्या फळ्यांसमोर, पंख्याखाली खुर्ची टाकून बसले. शेजारीपाजारी तोंडाला पदर लावून हसत. कुणी आत डोकावून विचारलं, इथं काय मिळतं, की काका विचारायचे, "तुम्हाला काय हवंय?" पहिल्यांदा एका बाईंनी कुकरचं रबर मागितलं. काका म्हणाले, "आज नाही, उद्या नक्की." आणि दुसऱ्या दिवशी गुलमंडीतून आणून ठेवलं. मग कुणाला स्टोव्हची पिन, कुणाला चष्म्याचा बारीक स्क्रू, छत्रीची काडी, टाकीचा बॉल. जे मागितलं ते उद्या नक्की. हळूहळू फळ्या अशा वस्तूंनी भरल्या की ज्यांचं नाव आठवत नाही, हातानं खूण करून सांगावं लागतं, आणि त्या दुसरीकडं कुठंच मिळत नाहीत.

मी वर्षाकाठी ग्रीस द्यायला जायचो. दुपारची वेळ असायची, कडुलिंबाची सावली शटरच्या उंबऱ्यापर्यंत आलेली असायची. काका बारीक खोके उघडत-मिटत बसायचे आणि मला त्यांच्या बाकावर डुलकी लागायची. तशी झोप मला घरीही आली नाही. त्या दुकानात वेळ कुठं जायचा कळायचं नाही. जागा झालो की वाटायचं, काकांना विचारावं, काका, माझी गेलेली वर्षं आहेत का हो? आणि ते नक्की म्हणाले असते, आज नाही, उद्या. पुढं त्यांना मुलीनं पुण्याला नेलं. शटर मीच उतरवलं.

मंगलनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "काकांचं दुकान बुडालं व्हतं का?"

"नाय."

"मग त्यांच्या हिरव्या पट्ट्या अपशकुनी कशा काय?"

मग मी शेवटचा पत्ता टाकला, चव्हाणांचा. टीव्ही सेंटर भागात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेचे फोटो, सगळं तिथं. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओ निपचित पडला. शटर काढायला मलाच बोलावलं. उतरवणं बसवण्यापेक्षा अवघड असतं. पिळलेली स्प्रिंग हळूहळू सोडावी लागते, घाई केली तर हात जातो. मी शिडी लावली तेव्हा चव्हाण म्हणाले, "एकदा मला वर करू द्या." त्यांनी शटर छातीपर्यंत आणलं आणि हात सोडला. ते थांबलं. चव्हाण बघत राहिले. म्हणाले, "इतकी वर्सं झाली, एकदापण खाली घसरलं नाय हो." मग आत जाऊन त्यांनी जुना कॅमेरा आणला आणि त्या अर्ध्या निळ्या शटरखाली मला उभं करून माझा फोटो काढला. कामावरचा माझा तेवढा एकच फोटो आहे. तो समोरच्या खोलीतच लावलाय, त्यांच्या निळ्या पट्ट्यांच्या वर. तिथून मी पट्ट्या हातगाड्यावर टाकून निघालो तेव्हा मागं बघायचं धाडस झालं नाही.

मंगल उठली, पाणी आणून दिलं आणि माझ्याजवळ बसली. म्हणाली, "चव्हाणभाऊंनी आपल्या पोरीचा पाळण्यातला फोटो काढला व्हता. त्या दुकानाचं काय वाईट झालं? लोकांचं काम झालं, दुकान मिटलं." त्यानंतर तिनं शटरचं नावच काढलं नाही, आणि मला वाटलं विषय संपला. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मग एक पहाट आली. धुकं होतं, तळ्याकडचा वारा पडलेला. मी नेहमीसारखा अर्धवट झोपेत. गणेशचं शटर वाजलं आणि मी डोळे उघडले. ते गणेशच्या हाताचं नव्हतं. गणेश एका दमात ओढायचा, वाकलेल्या पट्टीपाशी अडखळायचा आणि शिवी देऊन पुढं न्यायचा. हे फार हळू जात होतं. मध्ये थांबत होतं, श्वास घेत होतं, पुन्हा चढत होतं. आयुष्यभर शटरांचे आवाज ऐकलेत. हात नवीन आहे आणि दुखरा आहे, हे मला गोधडीतून कळलं. बाजूला पाहिलं तर मंगलचं अंथरूण रिकामं.

मी शाल गुंडाळून रस्त्यावर गेलो. धुक्यात दुधाच्या क्रेटा दिसत होत्या. गणेश हाताची घडी घालून बाजूला उभा होता आणि मंगल डाव्या हातानं त्याचं शटर वर ढकलत होती. पदर कमरेला खोचलेला, मोडलेला हात पोटाशी धरलेला. मला बघून गणेश ओशाळला. "काका, मी नगं म्हणलो हो. काकू रोज दुपारी यायल्यात, आज पहाटंच आल्या. म्हणत्यात, डाव्या हाताला सवय व्हाया पायजे."

या रस्त्यावरचं सगळ्यात वाईट शटर निवडलं होतं तिनं. ती वळली. दम लागला होता. म्हणाली, "वाकडं उचलाया लागलं की सरळ आपोआप उचलतंय." त्याच दिवशी, पहिल्यांदा फुकटात, गणेशची वाकलेली पट्टी बदलून दिली. दुपारी समोरच्या खोलीचं कुलूप काढलं.

मंगलची अट होती, नव्या पट्ट्या आणायच्या नाहीत. "हाय त्यातलंच करा. आन रंग देऊ नका." रीत मोडायला माझा हात अडखळत होता, पण तिच्या डाव्या हातापुढं माझी रीत टिकणार नव्हती. भाऊसाहेबाच्या लाल पट्ट्या मापानं कापल्या. खाली त्या, मध्ये चव्हाणांच्या निळ्या, वर जोशीकाकांच्या हिरव्या. जुन्या पट्ट्या फार खडखड करतात. मी प्रत्येकीची कड कानसून काढली, प्रत्येक सांध्यात ग्रीस भरलं. स्प्रिंग पिळायची, सोडायची, पुन्हा पिळायची. मंगलला बोलवायचं, "धर. कसं वाटतंय?" ती म्हणायची, "उलीसं जड." पुन्हा शिडीवर. चाचा असते तर बाजूला उभे राहून डोळे मिटून ऐकत बसले असते.

उद्घाटनाला गल्लीतलेच लोक. नारळ सर फोडणार होते, पण मंगलनं गणेशच्या आईकडून फोडून घेतला. नव्या शटरखाली पहिल्यांदा मालकाचा हात लागतो. मिस्त्री बाजूला आपला तळवा धरून उभा राहतो, न जाणो घसरलं तर. मी तसा उभा राहिलो. तिनं डावा हात लावला. छातीपर्यंत आणलं आणि माझ्याकडं बघून हात सोडला. शटर थांबलं. मग दोन बोटांनी वर सरकवलं आणि ते गेलं. आवाज नाही, काही नाही. आयुष्यात इतकं गुळगुळीत काम मी केलं नव्हतं. सर म्हणाले, "वा, मिस्त्री, कळलंसुद्धा नाही." मी छाती फुगवून उभा होतो.

मंगल उजाडता दुकान उघडायची. मी म्हटलं, इतक्या सकाळी कोण येणार? तर म्हणाली, "बाळं काय धा वाजल्यावर जन्मत्यात का?" पण दहा वाजताही कुणी येत नव्हतं. दिवस गेले, आठवडे गेले. ती आत बसून शिवत असायची, फळ्यांवर पांढरी, पिवळी, गुलाबी झबली रचलेली. मी आतल्या खोलीतून बघायचो आणि माझं ते स्वप्न पुन्हा सुरू झालं. शटरामागं शटर.

एक दिवस संध्याकाळी ती आत आली. मला वाटलं, आता म्हणणार, उतरवा. मी मनात शिडी लावायलाही सुरुवात केली होती. ती म्हणाली, "अहो, शटरला आवाज करून द्या."

"काय?"

"आवाज. मागच्या आळीतल्या सुनेला परवा कळलं की दुकान उघडं असतंय. म्हणाली, काकू, वाजत कसं नाय? मी उघडते कवा, मिटते कवा, कुणालाच कळंना."

मला रागच आला. लोक बिनआवाजाच्या शटरसाठी वाट बघायचे माझी. मी म्हटलं, "एवढं सुरेख काम केलंय, ते बिघडवू?"

"बंगल्यातल्या गाडीच्या शटरला सुरेख ठीक हाय. हे दुकान हाय. गल्लीला कळाया नको का, मी उठलेय म्हणून?"

मी तिच्याकडं बघत राहिलो आणि मला त्या बोळात डोळे मिटून उभे असलेले चाचा दिसले. थोडा बोलने दो उसकू. म्हातारा ग्रीस वाचवत नव्हता. माझ्या त्या सगळ्या मुक्या शटरांची मला आठवण झाली. कितीजणांची दुकानं मी लोण्यासारखी उघडून दिली आणि शेजाऱ्याला पत्ता लागू दिला नाही, कोण जाणे. मी रॉकेलचा बोळा घेतला आणि खालच्या लाल पट्ट्यांपासून माझंच ग्रीस पुसत वर गेलो. स्वतःची कारागिरी स्वतःच्या हातानं पुसायला जिवावर येतं. स्प्रिंगेला तेवढं बोट लावलं नाही.

दुसऱ्या पहाटेची गोष्ट सांगतो आणि थांबतो. मी झोपेत होतो, नव्हतोही. स्वप्नातल्या त्या लांब रस्त्यावर उभा होतो आणि माझ्या हातांखालचं शटर वाजायला लागलं. आधी वरच्या हिरव्या पट्ट्या, काकांच्या खोक्यांसारख्या बारीक खुळखुळणाऱ्या. मग चव्हाणांच्या निळ्या. मग खालच्या लाल, भाऊसाहेबासारख्या मोठ्यानं बोलणाऱ्या. मध्ये एकदा थांबलं, तिनं श्वास घेतला. मग पुढं. मी उतरवलेली सगळी शटरं एकामागून एक माझ्याच घरात उघडत होती. मी डोळे उघडले तर अंधार होता, आणि आवाज खरा होता.

मग चपलांचा घाईचा आवाज आला आणि एका पुरुषाचा, अनोळखी, थंडीनं कापणारा. "मावशी, दवाखान्यातून आलोय. बाळाला गुंडाळाया काय हाय का? समदं बंद हाय. माघारी निघालो व्हतो, शटर वाजलं म्हणून वळलो."

"हाय की. ये, आत ये," मंगल म्हणाली. "काय झालं?"

"पोरगी झालीया."

"बस. आधी कुंची देते."